एक भाग हायपो, नऊ भाग पाणी : कॅन बदलला, तक्ता तसाच राहिला

पार्श्वभूमी

हे प्रकरण जळगाव जिल्ह्यातल्या, तापीपासून फार लांब नसलेल्या एका तालुक्याच्या गावातलं. चाळीस खाटांचं खासगी हॉस्पिटल. लेबर रूम, एक ओटी (ऑपरेशन थिएटर), दोन जनरल वॉर्ड. मी तिथे इन्फेक्शन कंट्रोलचं काम बघत होते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे मात्र तेव्हाच्या वहीतलेच आहेत, कारण या गोष्टीत आकडेच महत्त्वाचे.

स्लुइस रूममध्ये, म्हणजे मळलेली भांडी-कपडे धुण्याच्या खोलीत, सिंकच्या वर, लॅमिनेट केलेला एक तक्ता होता. त्यावर हायपो, म्हणजे जंतू मारायचं क्लोरीनचं द्रावण, पातळ कसं करायचं याच्या दोन ओळी :

रक्त सांडल्यास : १ भाग हायपो + ९ भाग पाणी = १ टक्का
अवजारं बुडवायला : १ भाग हायपो + १९ भाग पाणी = ०.५ टक्के

तक्ता मीच लावला होता. आधीच्या नोकरीतून मजकूर जसाच्या तसा उचलून, खाली सही करून. दोन वर्षं तो बरोबर होता, कारण तेव्हा स्टोअरमध्ये १० टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे पाच लिटरचे कॅन येत. मार्चमध्ये पुरवठादार बदलला. नवे कॅनही पांढरेच, झाकण निळंच, मापही पाच लिटरचंच. लेबलवर ५ टक्के. खरेदीच्या कागदावर नुसतं 'हायपो, ५ लि.' लिहायची पद्धत होती, त्यामुळे टक्केवारी बदलल्याची नोंद कुठेच उमटली नाही.

स्टोअर बघणारे आप्पा खूश होते. नवा कॅन जुन्याच्या दोन-तृतीयांश भावात मिळाला होता. भाव एक-तृतीयांशाने उतरला आणि ताकद निम्म्याने, हे गणित त्यांच्यापुढे कुणी मांडलंच नव्हतं. त्यांच्या लेखी कॅन म्हणजे कॅन.

अडचण कशी लक्षात आली

ऑडिटमध्ये नाही, रजिस्टरमध्येही नाही. लेबर रूमच्या मावशींच्या नाकाला आधी कळलं. मावशी मूळच्या अमळनेरकडच्या. आमच्याशी मराठी बोलता बोलता मध्येच अहिराणीवर येतात. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात फरशी पुसताना त्या सहज म्हणाल्या, "ताई, आते डोळा चुरचुरत नहीत. पहिले कसं नाकमा झोंबे!"

मी आधी हसून सोडून दिलं. वास हे काही माप नव्हे. क्लोरीनचा वास घाणीशी, लघवीशी संबंध आला की उलट वाढतो, आणि भरपूर हवा खेळत असेल तर चांगल्या द्रावणाचाही फारसा जाणवत नाही. पण वाक्य डोक्यातून जाईना. दुपारी जाऊन बादली बघितली आणि मावशींना म्हटलं, "करून दाखवा, रोज करता तसं."

त्यांनी अंघोळीचा गुलाबी मग घेतला, काठोकाठ हायपो भरून बादलीत ओतला आणि वरून नळाचं पाणी १० लिटरच्या खुणेच्या थोडं वरपर्यंत सोडलं. लिटरचं मोजमाप होतं ते फेब्रुवारीत फुटलं, तेव्हापासून हा मग. ओटीतून मेजरिंग जार आणून मी मगातलं पाणी मोजलं : ७५० मिलि. बादलीत एकूण भरलं पावणेअकरा लिटर.

मग कॅन फिरवून लेबल वाचलं. ५ टक्के. उत्पादन जानेवारीतलं. कॅन ठेवलेले वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. खान्देशातला मे ज्यांनी काढलाय त्यांना पत्र्याखालची दुपार समजावून सांगायला नको. बाहेर पारा पंचेचाळिसापर्यंत जातो, आत हात लावला तर कॅन कोमट नाही, चक्क गरम लागतो. हायपोक्लोराइट उन्हात आणि उष्णतेत आपोआप मोडतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की मोडण्याचा वेग साधारण तिपटी-चौपटीने वाढतो. म्हणजे लेबलवरच्या ५ वरही भरवसा नाही.

हिशेब

नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकवतात तेच सूत्र : हवी असलेली ताकद भागिले हातात असलेली ताकद, गुणिले एकूण द्रावण. उत्तर येतं ते स्टॉकचं, म्हणजे कॅनमधल्या मूळ द्रावणाचं. आणि मग पाणी म्हणजे एकूण वजा स्टॉक. हे दुसरं वाक्य वहीत असतं, पण बादलीपाशी हटकून गळतं.

त्या दिवशीच्या बादलीचा हिशेब मी टप्प्याटप्प्याने मांडला, कारण एकूण घसरणीत कुणाचा वाटा किती हे बघायचं होतं.

तक्त्याप्रमाणे, १० टक्क्यांचा कॅन : १ लिटरमध्ये १०० ग्रॅम क्लोरीन, १० लिटरमध्ये पसरला की १ टक्का. ठीक.

कॅन ५ टक्क्यांचा : तीच कृती, ५० ग्रॅम, ०.५ टक्के.

लिटरऐवजी पाऊण लिटरचा मग, आणि 'नऊ भाग पाणी' ऐवजी दहा लिटर पाणी : साडेसदतीस ग्रॅम, पावणेअकरा लिटरमध्ये. ०.३५ टक्के.

कॅनमध्ये खरंच किती उरलंय हे बघायचं राहिलं होतं. गावातल्या सीनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे एक सर ओळखीचे. एक न उघडलेला कॅन घेऊन मी त्यांच्याकडे गेले. इथे एक गंमत झाली. मी म्हटलं, "सर, हायपो तपासायचंय," तर त्यांनी कपाटातून वेगळीच बाटली काढली. प्रयोगशाळेत 'हायपो' म्हणजे सोडियम थायोसल्फेट, आणि नेमकं तेच आमच्या हायपोला मारतं. एकाच नावाच्या दोन बाटल्या, एक दुसरीचा खातमा करणारी.

कॅनमधले १० मिलि काढून शंभर केले, त्यातले १० मिलि चंचुपात्रात. पोटॅशियम आयोडाइड आणि ॲसेटिक ॲसिड घातल्यावर पाणी गडद तपकिरी झालं. वरून थायोसल्फेट थेंब थेंब. रंग उतरत फिका पिवळा झाल्यावर सरांनी स्टार्च घातला, एकदम निळाशार, आणि पुढच्या काही थेंबांत निळा रंग असा गेला की जणू कधी नव्हताच. ब्युरेटवर, म्हणजे थायोसल्फेट मोजायच्या नळीवर, १०.४ मिलि. दर मिलिमागे ३.५४६ मिलिग्रॅम क्लोरीन, म्हणजे कॅनच्या एका मिलिमध्ये साधारण ३७ मिलिग्रॅम. ३.७ टक्के.

पुन्हा बादली : पाऊण लिटर गुणिले ३७, पावणेअठ्ठावीस ग्रॅम, पावणेअकरा लिटरमध्ये. ०.२६ टक्के.

एक टक्का समजून आम्ही पाव टक्का वापरत होतो. पाव टक्का म्हणजे पाणी नव्हे. आधी पुसून स्वच्छ केलेल्या फरशीवर तेवढंही काम करतं. पण सांडलेलं रक्त स्वतःच क्लोरीन खाऊन टाकतं. १ टक्का सांगतात ते त्यासाठीच. नेमकं जिथे ताकद हवी तिथेच ती संपत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या हँडओव्हरला मी अकरा सिस्टरांना कोरी चिठ्ठी दिली : '१० लिटर १ टक्का हायपो कसं बनवाल?' नऊ जणींनी लिहिलं १ लिटर आणि ९ लिटर. दोघींनी १ आणि १०. मला शोधायचं होतं ते वाक्य अकरापैकी एकीनेही लिहिलं नव्हतं : कॅन किती टक्क्यांचा?

त्याच्या पुढच्या दिवशी तोच प्रश्न, पण 'कॅन ५ टक्के' असं लिहून. आठ जणींचं उत्तर बरोबर आलं, २ लिटर आणि ८ लिटर. दोघी पाण्याची वजाबाकी विसरल्या, एकीने उलटं करून अर्धा लिटर लिहिलं. म्हणजे गणित येत नव्हतं असं नाही. 'हातात असलेली ताकद' या जागी सगळ्यांच्या डोक्यात १० हा आकडा छापून बसला होता, आणि तो छापणारी मी.

तातडीचा निर्णय, आणि त्यातली माझी चूक

सर म्हणाले, आधी आजची बादली सुधारा, तक्ता मागून. बरोबरच होतं. मी घाईत वॉर्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं : 'कॅन बदलला आहे. आजपासून हायपो दुप्पट घाला.'

दुप्पट कशाच्या? तक्त्याच्या, की आता घालताय त्याच्या? दिवसपाळीने तक्त्याच्या दुप्पट केलं, २ लिटर. रात्रपाळीच्या ब्रदरने (पुरुष नर्सने) मावशींना विचारलं, किती घालता. त्या म्हणाल्या, दोन. त्याने मेसेज वाचला आणि दोनाचे चार केले. त्यात अवजारंही बुडवली. मग सिझेरियन आलं आणि ती ट्रे तशीच राहून गेली. सकाळी दोन निडल होल्डर आणि तीन आर्टरी फोर्सेप्सच्या सांध्यांत तांबूस ठिपके. ३.७ धरून चार लिटरचा हिशेब दीड टक्क्यावर जातो, आणि अवजारांना ०.५ टक्क्यातही दहा मिनिटांपलीकडे ठेवायचं नसतं.

ब्रदरला कुणी बोललं नाही. बोलण्यासारखं मलाच होतं. एका जुन्या गुणोत्तराची चूक दुरुस्त करायला मी दुसरं गुणोत्तर पाठवलं होतं, तेही कशाशी गुणायचं हे न सांगता.

एक गोष्ट मात्र त्याच दिवशी नीट झाली. एप्रिलमध्ये कावीळ-ब पॉझिटिव्ह बाईची प्रसूती झाली होती आणि सांडलेलं रक्त मावशींनी त्याच पातळ द्रावणाने पुसलं होतं. हातमोजे होते. त्यांचं लसीकरण कार्ड काढलं तर शून्य आणि एक महिन्याचे डोस झालेले, सहा महिन्यांचा राहिलेला. रक्त तपासायला पाठवलं, अहवाल निगेटिव्ह आला, तिसरा डोस दिला. पुढे अँटिबॉडीही पुरेशा निघाल्या. हायपोच्या चौकशीत लसीची चूक सापडली, हे माझ्या लेखी या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं.

तोलून पाहिलेले पर्याय

पुन्हा १० टक्क्यांचे कॅन मागवावेत, हे सर्वांत सोपं. तक्ता बदलायला नको, सवय मोडायला नको. पण जास्त ताकदीचं हायपो उष्णतेत जास्त वेगाने मोडतं, म्हणजे मेमध्ये १० चे किती उरले हा प्रश्न तसाच. शिवाय सहा महिन्यांनी पुरवठादार पुन्हा बदलला की आम्ही पुन्हा तिथेच.

ब्लीचिंग पावडर. गावाकडे टीसीएल म्हणतात, ग्रामपंचायतीची विहीर शुद्ध करायची तीच. मावशींच्या हाताची. ३३ टक्के धरली तर १० लिटर १ टक्क्यासाठी १०० भागिले ०.३३, म्हणजे ३०३ ग्रॅम. पण वजनकाटा लागतो, खाली चुना बसतो, आणि पोतं उघडं राहून ओल लागली की तीही उतरते. पाणी तुंबण्याच्या दिवसांत राखीव म्हणून ठेवायची असं ठरलं, रोजच्याला नाही.

क्लोरीनच्या गोळ्या. उन्हाळ्यात टिकाऊ, मोजायला सोप्या. मला मोह पडला होता. पण एका गोळीतून १ ग्रॅम क्लोरीन मिळतो अशी गोळी घेतली तर १० लिटर १ टक्क्याला शंभर गोळ्या. फरशीच्या ०.१ टक्क्याला दहा पुरतात. तेवढ्यापुरत्या घेतल्या.

चौथा पर्याय : ५ टक्केच ठेवायचं, पण प्रत्येक कॅनचं लेबल वाचून हिशेब करायचा. यावर आमच्यात खरा वाद झाला. सरांचं म्हणणं, रात्री दोनला, समोर रक्त सांडलेलं असताना, भागाकार कोण करणार? त्यांना मोजून मारलेली रेघ हवी होती. माझं म्हणणं, रेघेनेच घात केला. शेवटी दोघांचंही अर्धं अर्धं घेतलं.

आम्ही काय केलं

तक्त्यातून 'भाग' हा शब्द काढला. '१ ला १०', '१:१०' ही भाषाच बंद. कारण कुणी त्याचा अर्थ एकूण दहात एक घेतं, कुणी दहा पाण्यात एक. जुन्या १० टक्क्यांच्या कॅनलाही या फरकाने १ ऐवजी ०.९१ टक्के मिळालं असतं. नव्या तक्त्यावर पहिली ओळ प्रश्न आहे : 'कॅनवर किती टक्के?' खाली तीन रांगा, १० / ५ / ४, आणि प्रत्येकीपुढे हायपो किती लिटर, पाणी किती लिटर, एकूण १०. हिशेब करून दिलेला, पण रांग निवडायला लेबल वाचावंच लागतं.

स्टोअर तळमजल्यावर, कूलरच्या खोलीच्या शेजारी हलवलं. महिन्याला पुरेल एवढेच कॅन, जुना आधी. इंडेंटवर (मागणीच्या कागदावर) टक्केवारी आणि उत्पादनाचा महिना लिहिल्याशिवाय आप्पा सही करत नाहीत. पहिल्या आठवड्यात ते कुरकुरले. मग मी त्यांना दर कॅनचा नाही, दर बादलीचा खर्च काढून दाखवला. तो कागद अजून त्यांच्या काचेखाली आहे.

आणि बादली. तो गुलाबी मग बादच केला. पारदर्शक बादलीवर दोन चिकटपट्ट्या लावल्या : निळी पाण्याची, लाल एकूणची. आधी निळ्या पट्टीपर्यंत पाणी, मग लाल पट्टीपर्यंत हायपो. वजाबाकी बादलीच करते. पाणी आधी घातल्याने हायपो अंगावर उडतही नाही. लाल पट्टी १० लिटरला कायम. निळी कुठे लावायची यावर आणखी एक निर्णय होता. लेबलप्रमाणे ती ८ लिटरला यायला हवी. मी उन्हाळ्यापुरतं ५ ऐवजी ४.५ धरायचं सुचवलं : १० भागिले ४.५, सव्वादोन लिटरला थोडं कमी, म्हणून निळी पट्टी ७.८ वर. सरांना हे पटायला वेळ लागला. "अंदाज कशाला घुसवता?" अंदाज होताच, पण मोजलेल्या ३.७ नंतर लेबलवर डोळे झाकून विश्वास ठेवणं हाही अंदाजच, आणि वाईट बाजूचा.

तयार केल्याची वेळ बादलीवर लिहायची, दुसऱ्या दिवशी ओतून द्यायची. संडास धुण्याचं ॲसिड त्या खोलीतूनच हलवलं. हायपोत ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि ताकद वाढवायच्या नादात कोण काय मिसळेल सांगता येत नाही.

निकाल

जूनमध्ये नव्या साठ्यातला कॅन सरांकडे नेला. ४.६ टक्के. सव्वादोनाच्या आतबाहेर घातलेल्या बादलीचा हिशेब १ टक्क्यावर बसला. ५ धरून दोनच लिटर घातले असते तर ०.९२ झालं असतं. फरक मोठा नाही, पण तेव्हा पाऊस सुरू झाला होता.

मधल्या दोन महिन्यांत कुणाला संसर्ग झाला का, हे जखमांच्या नोंदींत शोधलं. या कारणावर बोट ठेवता येईल असं काही सापडलं नाही. चाळीस खाटांच्या दोन महिन्यांच्या नोंदींत ते सापडण्याइतके आकडेही नसतात, म्हणून मी 'काही झालं नाही' असं अहवालात लिहिलं नाही. 'आढळलं नाही' असं लिहिलं.

पाच अवजारं बदलावी लागली. हायपोचा खप दुपटीवर गेला. मावशींचे डोळे पुन्हा चुरचुरू लागले, तेव्हा त्या खोलीला एक्झॉस्ट पंखा बसवला. तो आधीच हवा होता.

वेगळं काय करता आलं असतं

तक्ता लावतानाच त्यावर 'फक्त १० टक्क्यांच्या कॅनसाठी' एवढे शब्द असते तर पहिला नवा कॅन आला त्याच दिवशी कुणीतरी अडखळलं असतं. फुटलेलं मोजमाप ही छोटी मागणी समजून फेब्रुवारीपासून पडून होती. ती मी स्वतः दोनदा पुढे ढकलली. व्हॉट्सॲपवरच्या त्या ओळीऐवजी वॉर्डात जाऊन एकदा बादली करून दाखवायला दहा मिनिटं लागली असती.

शिकवण्यातही. विद्यार्थिनींना आम्ही उदाहरण देतो ते 'स्टॉक ५ टक्के आहे' इथून सुरू होतं. कॅन हातात देऊन 'सांग, स्टॉक किती?' असं विचारत नाही. आता मी रिकामे कॅन वर्गात नेते, त्यात एकाचं लेबल फाडलेलं. त्या कॅनचं उत्तर 'वापरणार नाही' हे आहे, आणि ते यायला दर बॅचला वेळ लागतो.

हा घोळ फक्त खालच्या पातळीवर होतो असंही नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत रासायनिक प्रक्रियेसाठी किमान १० टक्के हायपोक्लोराइट छापलं होतं. २०१८ च्या दुरुस्तीत ते १ ते २ टक्के झालं. मधल्या काळात आमच्यासारख्या कितीजणींनी कॅनमधलं तसंच ओतायचं की पातळ करून, यावर डोकं खाजवलं असेल.

सप्टेंबरात रात्री साडेअकराला फोन वाजला. तोच ब्रदर. "मॅडम, नवीन कॅन आलाय. यावर ४ ते ६ टक्के लिहिलंय. काय धरू?"

"चार धर."

थोडा वेळ काहीच आवाज नाही, मग चिकटपट्टी सोलल्याचा. "अडीच लिटर, मॅडम. निळी साडेसातावर घेतो."